विसर वाढलाय, अ‍ॅक्युपंक्चर करावे का? सुयांआधी काय तपासायचे, सुया कुठे, किती, आणि कधी थांबायचे

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाच्या एका ताईंच्या आईचे वय ७२. मधुमेह आणि रक्तदाब दहा-बारा वर्षांपासून आहे. गेल्या वर्षभरात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे, सकाळची गोळी घेतली की नाही ते न आठवणे, असे सुरू झाले. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना कवंडळ, आंबाडे, तोरिंग ही जन्मभर तोंडावर असलेली नावे त्यांना सुचेनात, तेव्हा घरच्यांच्या मनात पाल चुकचुकली. स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब मात्र त्या अजून स्वतः करतात. न्यूरॉलॉजिस्टने 'एमसीआय' म्हणजे सौम्य बौद्धिक ऱ्हास असे निदान केले, गोळी दिली नाही, सहा महिन्यांनी यायला सांगितले. मग कोणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवले. एका ठिकाणी ४० सिटिंगचे पैसे आगाऊ मागितले आणि स्मरणशक्ती परत येईल अशी खात्री दिली. सुया लावाव्यात का?

ताई, लावून बघायला हरकत नाही. पण तपासण्या पूर्ण झाल्यावर, मुदत ठरवून, आणि सुरुवातीची स्थिती कागदावर लिहून ठेवून. गेलेली आठवण परत आणण्याची खात्री आज कोणालाच देता येत नाही. जो देतो त्याच्याकडे आईला नेऊ नका. सुयांचा भरवसा मला वाटतो तो झोप, अंगदुखी आणि जिवाची घालमेल या तीन गोष्टींत. रात्री तीन वेळा उठणाऱ्या, गुडघ्याने बेजार झालेल्या माणसाचे लक्षच जागेवर नसते आणि लक्ष नसले की आठवण साठतच नाही. झोप लागली, दुखणे कमी झाले की विसरणेही थोडे कमी होते. 'सुयांनी डोके चालायला लागले' असे लोक म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. हा फायदा लहान नाही, पण तो मेंदूचा आजार बरा झाल्याचा पुरावाही नाही.

एमसीआय म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हे. चाचणीत वयाच्या मानाने उणीव दिसते, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः करतो, ही त्याची ओळख. दवाखान्यात येणाऱ्या अशा लोकांपैकी साधारण १० ते १५ टक्के दरवर्षी डिमेन्शियाकडे सरकतात, काही वर्षानुवर्षे आहेत तिथेच राहतात आणि काही जण पुन्हा नेहमीसारखे होतात. हा शेवटचा गट ध्यानात ठेवा. त्याच काळात कोणी सुया लावल्या असतील, काढा घेतला असेल, तर श्रेय त्यालाच जाते.

सुयांआधी जे तपासायचे त्यात हयगय नको, कारण खरा फायदा अनेकदा इथेच हाती लागतो. आईंना मधुमेह आहे म्हणजे मेटफॉर्मिन बहुधा वर्षानुवर्षे चालू असेल. त्याने बी-१२ कमी होते. जोडीला ॲसिडिटीची गोळी रोज असेल तर आणखी कमी होते. म्हणून बी-१२, थायरॉइड (टीएसएच), हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एवढे रक्त तपासलेले हवे. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर म्हाताऱ्या माणसांत सोडियम उतरते आणि माणूस भांबावतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असून दुपारचे जेवण उशिरा झाले तर चारच्या सुमारास साखर खाली जाते. त्या वेळी आई गोंधळलेल्या दिसत असतील तर ग्लुकोमीटर लावून आकडा लिहा. ते विसरणे नसून साखर असू शकते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. त्यामुळे इथल्या घरात विसर वाढला की साखर आणि रक्तवाहिन्या यांच्याकडे आधी बघावे लागते.

मग औषधांची पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. अमिट्रिप्टिलीन, ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामीन, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम: यांतली प्रत्येक गोळी वयस्करांची आठवण मंदावू शकते. मात्र झोपेची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर एकदम तोडू नका, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते. ऐकू कमी येते का, मन उदास असते का, रात्री घोरून श्वास अडकतो का, हेही विचारा. गेल्या दोन-तीन महिन्यांत न्हाणीत घसरून डोक्याला मार लागला असेल तर आधी सीटी स्कॅन. मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त आठवड्यांनंतर 'विसर' बनून पुढे येते आणि त्यावर सुया लावत बसणे जिवावर बेतू शकते. जेवणाआधी थोडी फेणी घ्यायची सवय असेल तर तीही न लाजता सांगा, आई असोत की बाबा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा मानसोपचार संस्थेत (आयपीएचबी) हे सगळे बघून घेता येते.

चाचणीबद्दल गोव्यापुरती एक गोष्ट. आजच्या सत्तर-पंचाहत्तरीतल्या माणसाचे घरचे बोलणे कोकणी, पहिली इयत्ता मराठी किंवा पोर्तुगीज आणि आकडेमोड भलत्याच भाषेत, असे इथे सर्रास आढळते. आठवण आणि विचारशक्ती तपासणारी मोका नावाची ३० गुणांची चाचणी इंग्रजीत घेतली तर काही गुण भाषेपायीच जातील. ज्या भाषेत आई बाजारात सुटे पैसे मोजतात त्या भाषेत चाचणी घ्या म्हणून सांगा. शिक्षण १२ वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर मोकात एक गुण वाढवून धरतात. तो धरला आहे ना, ते विचारा.

आता सुयांचा पुरावा. संशोधन आहे, पण बहुतेक चीनमधले, छोट्या गटांवरचे आणि ढिसाळ आखणीचे. २०१६ साली एका ब्रिटिश नियतकालिकात अशा पाच चाचण्यांचा, एकूण ५६८ रुग्णांचा, एकत्रित आढावा आला. त्यात अ‍ॅक्युपंक्चरच्या गटाला एमएमएसई या ३० गुणांच्या चाचणीत सुमारे एक गुण जास्त मिळाला. जास्त कोणापेक्षा? निमोडिपिन ही गोळी घेणाऱ्यांपेक्षा. निमोडिपिन हा एमसीआयचा प्रस्थापित उपचारच नव्हे, त्यामुळे तिला हरवून फारसे काही सिद्ध होत नाही. शिवाय एका गुणाचा फरक लहानच. सुया घेणाऱ्याला आपण सुया घेतोय हे ठाऊक असते. आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणे, कोणीतरी अर्धा तास आपुलकीने विचारपूस करणे, यांचाही परिणाम असतो, आणि तो सुयांपासून वेगळा काढायचा तर खोट्या सुयांशी तुलना झालेल्या चांगल्या चाचण्या हव्यात. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियावर कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २००७ साली आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नव्हती. डॉक्टरांनी गोळी दिली नाही तेही बरोबरच आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या सूचनांतही एमसीआयसाठी परिणामकारक ठरलेले औषध नाही असेच म्हटले आहे.

हे सगळे समजून उमजून करून बघायचे ठरले, तर काम असे व्हायला हवे.

सुई ०.२५ मिलिमीटर जाडीची, डोके आणि हातासाठी २५ मिलिमीटर लांब, पिंढरीसाठी ४० मिलिमीटर. पाकीट तुमच्यासमोर फोडलेले, एकदा वापरून पांढऱ्या टणक डब्यात टाकलेली. माप 'त्सुन'मध्ये घेतात. त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची सांध्यापाशी असलेली रुंदी. चार बोटे जोडून धरली की तीन त्सुन. चिकित्सकाच्या अंगठ्याने मोजले तर बारीक चणीच्या बाईंच्या जागा चुकतात.

जागांना अक्षर-आकड्यांची नावे असतात. मुख्य जागा डोक्यावर. जीव्ही-२०, चिनी नाव बायहुई, दोन्ही कानांची टोके जोडणारी रेघ डोक्याच्या मधल्या रेघेला जिथे भेटते तिथे. पुढच्या केसांच्या कडेपासून ती पाच त्सुन मागे येते. टक्कल पडलेल्या पुरुषांत केसांची कडच हरवते, तेव्हा भुवयांच्या मधून आठ त्सुन मोजायचे. तिच्या पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे एकेक त्सुनावर चार सुया: सी-शेन-त्सुंग. कपाळावर केसांच्या कडेच्या आत अर्धा त्सुन जीव्ही-२४. मनगटावर करंगळीच्या बाजूला घडीवर एचटी-७ (शेनमेन), गुडघ्याखाली एसटी-३६, आतल्या घोट्याचे टोक आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध यांच्या मधोमध केआय-३. चिनी वैद्यकात मेंदूला 'मज्जेचा सागर' म्हणतात आणि त्याचे पोषण मूत्रपिंडाकडून होते असे मानतात, म्हणून घोट्याची ही जागा यादीत येते. घालमेल असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला दोन त्सुन वर पीसी-६. हातापायाच्या जागा दोन्ही बाजूंना धरून बारा ते चौदा सुया होतात. पंचवीस-तीस सुया लावल्या म्हणून गुण जास्त येत नाही, म्हातारे शरीर थकते मात्र.

डोक्यावरची सुई उभी टोचायची नसते. साधारण १५ अंशांत, टाळूला जवळजवळ आडवी, अर्धा ते पाऊण त्सुन सरकवायची. टाळूच्या कातडीखाली एक घट्ट पडदा असतो आणि त्याखाली सैल थर. सुई त्या सैल थरात गेली की न अडखळता सरकते आणि रुग्णाला फक्त भारीपणा जाणवतो. बोटाला रेटा लागला, रुग्णाने तोंड वाकडे केले, तर सुई कातडीतच आहे किंवा हाडाच्या आवरणाला टेकली आहे. ती रेटायची नाही. थोडी मागे घ्यायची, कोन कमी करायचा आणि पुन्हा सरकवायची. हातापायाला जड, ताणल्यासारखे, मुंगी चढल्यासारखे वाटणे योग्य. वीज चमकल्यासारखी कळ आली तर सुई नसेला (मज्जातंतूला) लागली आहे, ताबडतोब मागे. एचटी-७ ला शेजारीच धमनी आणि नस आहे, पीसी-६ खाली तर मोठी नसच आहे. तिथे खोल जाण्याचे कारण नाही.

सुया ३० मिनिटे ठेवायच्या, दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलकेच फिरवायच्या. सुयांतून मंद वीजप्रवाह सोडणाऱ्या मशीनचे क्लिप लावायचे असतील तर जीव्ही-२० आणि जीव्ही-२४ यांवर, २ हर्ट्झचा किंवा २ आणि १०० हर्ट्झचा आलटून पालटून येणारा प्रवाह, २० मिनिटे, जेमतेम जाणवेल इतकाच. कपाळ फडफडले म्हणजे प्रवाह जास्त झाला. पेसमेकर असेल किंवा कधी फेफरे आले असेल तर मशीन अजिबात नाही. कवटीची शस्त्रक्रिया होऊन हाड काढलेले असेल तर त्या भागात सुईच नाही. पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, म्हणून मशीन बॅटरीवरचे हवे.

काय बिघडते ते नीट वाचा. पहिली गोष्ट तेल. आपल्याकडे बायका डोक्याला खोबरेल चोपडूनच बाहेर पडतात. तेलकट टाळूवर स्पिरिटचा बोळा नुसता घसरतो, कातडी स्वच्छ होत नाही आणि सुई धरताना बोटे सटकतात. आदल्या दिवशी केस धुवा आणि त्या दिवशी तेल नको.

दुसरी गोष्ट या आजारातच जास्त घडते: सुया लावल्या आहेत हेच रुग्ण विसरतो. डोके खाजवायला हात जातो, किंवा पंधरा मिनिटांनी उठून चालू लागतो आणि घोट्यातली सुई वाकते. म्हणून अर्धा तास खोलीत कोणीतरी बसलेलेच हवे. पडदा ओढून एकटे सोडायचे नाही. प्रत्येक वेळी, दहाव्या सिटिंगलाही, काय करणार ते पुन्हा सांगायचे आणि होकार घ्यायचा.

तिसरी, डोक्यात राहून गेलेली सुई. पांढऱ्या केसांत चंदेरी सुई दिसत नाही. लावताना मोठ्याने मोजायच्या, कागदावर '१२' लिहायचे, काढताना पुन्हा मोजायच्या आणि शेवटी केसांतून बोटे फिरवायची. मोजणी तुम्हीही करा, त्यात कोणाला वाईट वाटण्यासारखे काही नाही. टाळूतून रक्त पटकन येते. सुई निघताक्षणी कापूस ठेवून मिनिटभर दाबायचे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर दोन-तीन मिनिटे. सुयांसाठी या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका. रक्तस्राव टाळायला जावे आणि लकवा ओढवावा, अशी गत होईल. वॉरफेरिन चालू असेल तर अलीकडचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) दाखवल्याशिवाय सुरुवात नको.

चक्कर बहुतेक वेळा उपाशीपोटी आणि उन्हातून आल्या आल्या सुया लावल्याने येते. जांभया, कपाळावर थंड घाम, चेहरा पांढराफटक अशी तिची चाहूल असते. सगळ्या सुया आधी काढायच्या, पाय उंच करायचे, आणि आईंना मधुमेह आहे म्हणून साखर तपासायची. पेज किंवा नाश्ता घेऊन तासाभराने यायचे, आल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली बसायचे आणि सुया आडवे झोपूनच घ्यायच्या, मानेखाली टॉवेलची गुंडाळी देऊन, म्हणजे मागची सुई उशीला दबत नाही.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तिथे भारीपणा जाणवणारच नाही. तो आणण्यासाठी सुई खोल खोल घालत जाणे चूक. पायाला जखम, सूज असेल तर त्या पायाला सुई नाही. आणि मॉक्सा, म्हणजे जळत्या वनस्पतीचा शेक, बधिर पायाला बिलकुल नाही. चटका कळत नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. मानेमागची जीबी-२० ही जागाही डोक्यासाठी वापरतात; ती ज्याला नाकाच्या शेंड्याकडे रोख ठेवून मापात लावता येते त्यानेच लावावी, कारण आत मेंदूचा देठ आहे. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर आणि पाठीवर खोल सुया टाळलेल्या बऱ्या, फुप्फुसाला इजा होऊ शकते.

आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, म्हणजे २४ सिटिंग ही पुरेशी मुदत. तीन जमत नसतील तर दोन. पण आज आले, मग पंधरा दिवसांनी, अशाने काहीच कळत नाही. पैसे दर सिटिंगला द्या. सुरू करण्याआधी एक वही करा. आठवडाभर रोज चार आकडे: रात्री किती वेळा उठली, तोच प्रश्न दिवसात किती वेळा विचारला, गोळ्यांच्या डबीतले किती खण चुकले, दुखणे दहापैकी किती. ही वही शक्यतो घरात रोज सोबत असलेल्या माणसाने लिहावी, सुट्टीत आलेल्याने नव्हे. बाराव्या सिटिंगनंतर पुन्हा आठवडाभर लिहा. चारांपैकी एकही आकडा हलला नसेल तर तिथेच थांबा. हलला तर २४ पूर्ण करा आणि सुमारे तीन महिन्यांनी मोका पुन्हा, दुसऱ्या प्रश्नपत्रिकेने करून घ्या. तेच पाच शब्द पुन्हा विचारले तर सरावाने गुण वाढतात. वीस-पंचवीस सिटिंगनंतर 'आता कुठे परिणाम सुरू होईल' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

ज्याचा पुरावा सुयांपेक्षा भक्कम आहे ते मागे पडायला नको. २०१९ च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत नव्याने एमसीआय होण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी राहिले. त्या अभ्यासात मधुमेही नव्हते, म्हणून आईंसाठी आकडा किती ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण रक्तदाब वाऱ्यावर सोडायचा नाही हे नक्की. कानाच्या यंत्राचा २०२३ चा अभ्यास सांगतो की सगळ्यांना सरसकट फरक पडला नाही, मात्र ज्यांना ऱ्हासाचा धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आईंना दोन धोके आहेतच, तेव्हा कान तपासून घ्या. व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी, घाम येईल इतका. भजनाला जात असतील तर जुनी पाठ भजने पुरेशी नाहीत, महिन्याला एक नवे चढवायला सांगा. माटोळीची नावे विसरल्या म्हणून त्यांच्या हातातून माटोळी काढून घेऊ नका. नातवाला शेजारी बसवून फळ हातात द्या आणि नाव सुचायला वेळ द्या.

चिकित्सक निवडताना दोन गोष्टी विचारा. शिक्षण काय आणि नोंदणी कुठे? अ‍ॅक्युपंक्चरला केंद्र सरकारने २०१९ साली स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि शेजारी महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी परिषद आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुसरे, न्यूरॉलॉजिस्टचे कागद त्याने स्वतःहून मागितले का? न मागता जो सुया लावायला बसतो त्याच्याकडून परत या. आईंचे एखादे दिवशी अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातातली वस्तू गळून पडली, तर त्या दिवशीची सिटिंग रद्द आणि १०८ ला फोन. विसर एका आठवड्यात एकदम वाढला, नसलेली माणसे दिसू लागली, लघवी कपड्यांत होऊ लागली किंवा चाल बदलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टकडे जायचे. पहिल्या सिटिंगला जाताना रक्ताचे अहवाल, गोळ्यांची पिशवी, मोकाचा कागद, वही आणि गुडघ्यावर सहज सरकेल असा सैल कपडा सोबत ठेवा.